‘थांबा’ कोण म्हणणार?

१२ जुलै २०१८. कोइम्बतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्यावर एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी बसली होती आणि खाली मुलं जाळं ताणून उभी होती. तिच्या आधी काही जणांनी उड्या मारल्या होत्या. आता तिची पाळी होती आणि तिला उडी मारायची नव्हती. कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीत ते स्पष्ट दिसतं. शेजारच्या प्रशिक्षकानं तिला ढकललं. खाली जाताना ती पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटली. ती वाचली नाही.

प्रशिक्षकाला अटक झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं खुलासा केला की या प्रशिक्षणाशी आपला काही संबंध नाही आणि हा माणूस आपला अधिकृत प्रशिक्षक नाही. मग सगळीकडे ‘तोतया प्रशिक्षक’ हा शब्द फिरला आणि त्या एका शब्दावर देशानं विषय मिटवून टाकला.

मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. समजा, तो माणूस खरा असता, त्याच्याकडे सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र असतं, तर ती मुलगी हमखास वाचली असती का? तिथे जाळं धरून उभी असलेली मुलं होती, चित्रण करणारी होती, महाविद्यालयाची जबाबदार माणसं त्या आवारात होती. मुलगी नको म्हणते आहे हे दिसत असताना ‘थांबा’ म्हणणं हे काम मात्र त्यांच्यापैकी कुणाकडेच दिलेलं नव्हतं. मी महापालिकेच्या अग्निशमन दलात तीस वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं प्रशिक्षण केंद्रात नव्या भरतीच्या पोरांना शिकवण्यात गेली. तिथे सगळे खरे होते, प्रमाणपत्रवाले होते, आणि तिथेही हे काम कुणाचंच नव्हतं.

म्हणून माझी मागणी सांगतो. अग्निशमनाचा कुठलाही सराव असो, प्रशिक्षण केंद्रातला, कारखान्यातला किंवा सोसायटीतला, तिथे शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा एक माणूस नेमलेला असला पाहिजे. त्याचं त्या दिवसाचं काम फक्त धोका बघण्याचं असावं आणि त्यानं ‘थांबा’ म्हटलं की हुद्दा न बघता सगळ्यांनी थांबावं. हे नेमणूकपत्रावर लिहिलेलं असावं. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे रुजलेली नाही, आणि तिच्यावाचून बाकीचे सगळे नियम कपाटात राहतात.

वर्दी, म्हणजे आमच्या भाषेत खऱ्या आगीची खबर, आणि ड्रिल यांतला फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. वर्दी मिळते तेव्हा पलीकडे कुणीतरी अडकलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावर म्हातारी आहे, जिना धुरानं भरला आहे, अशा वेळी अग्निशामक स्वतःचा जीव पणाला लावतो आणि त्याचा हिशोब त्याच्या मनात पक्का असतो. जीव वाचण्याजोगा असेल तर मोठा धोका घ्यायचा, नुसता माल जळत असेल तर थोडा, आणि आत कुणी जिवंत राहण्याची शक्यताच नसेल तर घ्यायचा नाही. जगभरातल्या दलांत हाच हिशोब शिकवतात. आता तोच हिशोब ड्रिलला लावून बघा. पलीकडे कुणी अडकलेलं नाही. आग आपणच लावलेली आहे, धूर आपणच केलेला आहे, वेळ आपण ठरवलेली आहे. मग तिथे एखाद्याचा जीव किंवा पाठीचा मणका जावा, असं काय मिळवायचं असतं? वर्दीवर झालेल्या मृत्यूला आपण हौतात्म्य म्हणतो. सरावात झालेल्या मृत्यूलाही तोच शब्द वापरतो, हार घालतो, आणि त्या हाराखाली चौकशी झाकली जाते. सरावात गेलेला माणूस आपल्या चुकीनं गेलेला असतो, हे म्हणायला जड जातं. पण ते म्हणावंच लागेल.

माझ्या चुकीचंही सांगतो. डिसेंबरातली सकाळ होती. स्मोक गॅलरीचं ड्रिल. स्मोक गॅलरी म्हणजे बंद, काळोखी खोली. आत फळ्यांच्या आडव्यातिडव्या भिंती, सरपटत जायचे बोगदे, मधेच शिडी, मधेच पाइप. ओला पेंढा आणि गोणपाट पेटवून धूर करायचा आणि श्वसनसंच, म्हणजे आमच्या भाषेत बीए सेट, पाठीवर लावून पोरांनी दोघादोघांनी भिंत चाचपत पलीकडे निघायचं. बारा जणांची तुकडी होती, सहा जोड्या. सेटचा सिलिंडर सहा लिटरचा, ३०० बार दाबाचा, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर ती ४५ मिनिटं पुरते. पण हे झालं पुस्तकातलं गणित. पहिल्यांदा अंधारात शिरलेलं, घाबरलेलं पोरगं त्याच्या दुप्पट हवा ओढतं. दाब ५५ बारच्या आसपास आला की सेटची शिट्टी वाजायला लागते. त्या शिट्टीचा अर्थ एकच: असशील तिथून बाहेर पड.

सहाही जोड्या बाहेर आल्या असं आम्ही समजलो. पोरं मास्क काढून हसत होती, एकमेकांची काळवंडलेली तोंडं बघत होती. पलीकडे ओट्यावर वापरलेल्या सेटमधली उरलेली हवा सोडून देण्याचं काम चाललं होतं, आणि हवा सोडताना प्रत्येक सेटची शिट्टी वाजतेच. सगळं आवार शिट्ट्यांनी भरलं होतं. मी हजेरी घेतली. अकरा. पुन्हा मोजले. अकरा.

मी सेट चढवून आत गेलो. तिसऱ्या वळणावर तो भिंतीला टेकून बसला होता. सेटचा पट्टा पाइपाच्या कड्यात अडकलेला. सुटत नाही म्हणून झटापट केली, दमला आणि बसून राहिला. त्याच्या जोडीदाराला वाटलं होतं, हा आपल्या पुढे निघून गेला. गेजचा काटा वीसच्या खाली होता आणि त्याची शिट्टी वाजत होती. ती शिट्टी आम्ही बाहेर सगळ्यांनी ऐकली होती. ओट्यावरचीच एक असेल असं समजलो होतो.

पोरगा धड होता. पाणी प्यायला, अर्ध्या तासानं जेवलाही. मी नोंद करायला डायरी उघडली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “पोरगा ठीक आहे ना? मग डायरीत कशाला घालता?” मी डायरी मिटली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मोजणीपेक्षा जास्त.

आता बघा, त्या दिवशी मी काय काय करत होतो. धूर मीच केला होता. पोरांना आत सोडणारा मी, चुका दाखवणारा मी, घड्याळ बघणारा मी. शिकवणाऱ्याचं लक्ष स्वभावानंच चुकणाऱ्या पोराकडे जातं. त्याला तेच करायचं असतं. एकानं नळी उलटी धरली की तो तिकडे वळतो, आणि त्याच वेळी मागे दुसरा कुठेतरी अडकलेला असतो. शिकवणं आणि राखण करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच माणसाला दिली की दुसरं होत नाही, मग तो माणूस कितीही अनुभवी असो. एन्ट्री कंट्रोल बोर्ड नावाची साधी पाटी असते. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या सेटची टॅली, म्हणजे ओळखीचा बिल्ला, तिच्यावर लावायची, नाव, दाब आणि आत जायची वेळ लिहायची, बाहेर आला की टॅली परत द्यायची. ही पाटी आमच्या केंद्राकडे होती. भांडारात, वेष्टणासकट. कारण ती धरून दाराशी उभा राहणारा माणूस नेमलेला नव्हता.

अमेरिकेत या विषयावर माणसं मेली आणि नियम झाले, हा इतिहास आपल्याला उपयोगाचा आहे. कोलोराडोतल्या बोल्डरला जानेवारी १९८२मध्ये एका इमारतीत खरी आग लावून सराव घेताना दोन अग्निशामक गेले. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेनं खऱ्या आगीच्या सरावासाठी वेगळं मानक लिहायला घेतलं आणि १९८६मध्ये ते आलं. १४०३ हा त्याचा क्रमांक. त्यातल्या अटी ऐकायला अगदी घरगुती वाटतात. एका वेळी एकच आग. पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक. पेटवण्यासाठी काय वापरायचं ते ठरलेलं. फोम, रबर, प्लास्टिक चालणार नाही. मुख्य नळीच्या जोडीला दुसरी भरलेली नळी तयार. जखमी म्हणून जिवंत माणूस आत ठेवायचा नाही. आणि एक सुरक्षा अधिकारी, ज्याच्याकडे दुसरं काही काम नाही आणि ज्याला सराव कुठल्याही क्षणी थांबवता येतो.

एवढं लिहून ठेवल्यावर माणसं मरायची थांबली असतील असं वाटेल. नाही थांबली. २५ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल या खेड्यात स्वयंसेवक दलानं एका जुन्या घरात सराव ठेवला. एकोणीस वर्षांचा एक अगदी नवखा पोरगा आणि आणखी एक जण वरच्या मजल्यावर ‘अडकलेले अग्निशामक’ म्हणून बसवले. खाली आग लावली आणि ती सोफ्याच्या फोमच्या गादीपर्यंत गेली. फोम कसा पेटतो हे ज्यानं एकदा पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. तो पोरगा गेला. सरावाची सूत्रं ज्याच्या हातात होती त्या सहायक प्रमुखाला न्यायालयानं निष्काळजीपणातून झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं, आणि राज्यानं कायदाच केला की खऱ्या आगीच्या सरावात जिवंत माणूस जखमी म्हणून वापरायचा नाही. फेब्रुवारी २००७मध्ये बाल्टिमोरला शहराच्या स्वतःच्या दलानं एका पडीक घरात, नियमात एकच आग असताना, अनेक ठिकाणी आगी लावल्या आणि प्रशिक्षणार्थी तुकडीला आत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या उंच खिडकीतून बाहेर पडण्याची धडपड करताना एक महिला प्रशिक्षणार्थी गेली.

बाल्टिमोरमध्ये मानक छापलेलं होतं, एकवीस वर्षं जुनं होतं. ‘आपल्याकडे नियम नाहीत’ एवढं रडगाणं गाऊन भागत नाही, हे त्यावरून कळतं. नियम वाचता येणं वेगळं, आणि तो मोडला जाताना बघून हात वर करण्याची मुभा असणं वेगळं. पण त्या देशाची एक गोष्ट मात्र मला मनापासून हवीशी वाटते. १९९८पासून तिथली एक सरकारी संस्था अग्निशामकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करते आणि अहवाल सगळ्यांसाठी खुले ठेवते. त्यामुळे लेअर्ड्सव्हिलमध्ये काय पेटलं, हे महाराष्ट्रात बसून मला वाचता येतं. शेजारच्या शहराच्या प्रशिक्षण केंद्रात शिडीवरून पडून कुणाचा हात मोडला, तर ते मला चहाच्या टपरीवर कळतं. आणि तेही दोन वर्षांनी, कुणीतरी बदली होऊन आला तर.

आता आपल्याकडचं. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो आणि पुढचा आठवडा प्रात्यक्षिकांचा. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि मुंबई-ठाण्यात तापमान कमी असलं तरी दमटपणा असा की घाम वाळतच नाही. अंगावर जाड संरक्षक पोशाख, गमबूट, हेल्मेट, पाठीवर सेट. सगळं मिळून वीस किलोंच्या आसपास जातं. हा पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशीच अंगातली बाहेरही जाऊ देत नाही. दहा मिनिटं जोराचं काम केलेल्या माणसाचं अंग, काम थांबल्यावरही काही वेळ तापतच राहतं. म्हणून सावली, पाणी, पोशाख उघडून बसण्याची सक्तीची विश्रांती हा सरावाचाच भाग असतो. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक तरुण गेले. ती अग्निशमनाची भरती नव्हती, पण ऊन, दमट हवा, नोकरीची आस आणि मधे थांबवणारं कुणी नाही, ही सगळी सामग्री आमच्या मैदानांवरही असते.

एका कारखान्यातलं प्रात्यक्षिक मला चांगलं आठवतं. कारखान्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही. वेळ सकाळी दहाची होती आणि पाहुणे साडेअकराला आले. तोवर पोरं संपूर्ण पोशाखात ओळीनं उभी. मग लोखंडी ट्रेमध्ये डिझेल, वर थोडं पेट्रोल ओतून आग लावली आणि कामगारांना एकेक करून पावडरच्या नळकांड्यानं ती विझवायला लावली. तीन-चार जणांचं झालं. ट्रे तापून लाल व्हायच्या बेताला आला. पाचव्या माणसासाठी आग मोठी दिसावी म्हणून आमच्यातल्याच एकानं डबा उचलला आणि त्या तापल्या ट्रेमध्ये पेट्रोल ओतायला निघाला.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागताच पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला सुटते ते तापमान, शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली असतो. म्हणजे आपल्या हवेत ते कायमच पेटायला तयार. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते, पायापाशी साचते. तापल्या लोखंडावर ओतलं की क्षणात तिचा ढग होतो, आणि तो ढग ट्रेच्या कडेपाशी थांबत नाही. डबा हातात असलेल्या माणसापर्यंत तो पोचतो. मी पलीकडून ओरडलो. बँड वाजत होता, निवेदक माइकवर बोलत होता, माझा आवाज पोचला नाही. एका कामगारानं त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. अग्निशमनाचं शिक्षण नसलेल्या एका फिटरनं. त्याला नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, “भट्टीवर कधी तेल ओतत नाही आम्ही, साहेब.”

पाहुण्यांना काही कळलं नाही. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्या मला त्या दिवसाच्या निमित्ताशी जोडाव्याशा वाटतात. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. बंब आले, नळ्या सोडल्या. धक्क्यावर अधिकारी कमी नव्हते. जहाजाचे, बंदराचे, लष्कराचे, अग्निशमन दलाचे. जहाज आहे तिथेच बुडवावं असं काहींचं मत होतं, काहींना ते पटत नव्हतं, आणि ठाम हुकूम देण्याचा अधिकार नेमका कुणाचा हे त्या दोन तासांत ठरलंच नाही. चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. शहरातली माणसं शेकड्यांनी गेली. आपण दरवर्षी या जवानांसाठी दोन मिनिटं उभे राहतो, आणि नंतर लगेच मैदानावर असं प्रात्यक्षिक करतो की जिथे हुकूम कुणाचा हे पुन्हा ठरलेलं नसतं. मला हे सहन होत नाही.

यावर दलातलेच लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही एकेकाळी तेच म्हणत होतो. सरावात इतकी काळजी केलीत तर पोरं मऊ होतील. खरी आग कुणाची वाट बघत नाही. काळबादेवीचं उदाहरण हमखास येतं. ९ मे २०१५ला गोकुळ निवासच्या आगीत मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. इमारत आगीत कमकुवत होऊन कोसळली. अशा आगीत जायचं असेल तर सराव कठोरच हवा, हे मी शंभर टक्के मान्य करतो. सरावच कमी करा, शिडी नको, धूर नको, म्हणजे अपघात नको, असं म्हणणारे कार्यालयात बसलेले लोक मला त्याहून धोकादायक वाटतात. स्लाइड दाखवून शिकवलेला पोरगा पहिल्या वर्दीला मरेल किंवा दुसऱ्याला मारेल.

पण कठोर आणि बेफिकीर यांत गल्लत होते. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात एक पद्धत निघाली, आज ती जगभर आहे. लोखंडी मालवाहू कंटेनरमध्ये मोजून लाकडी फळ्या लावायच्या, पेटवायच्या, आणि पोरांना खाली जमिनीलगत बसवून डोक्यावरून आगीची लाट कशी सरकते ते दाखवायचं. छतापाशी पाच-सहाशे अंश. त्याहून कठोर शिक्षण मला माहीत नाही. पण दारं दोन बाजूंना, नळी भरलेली, इंधन ठरलेलं, मोजणारा बाहेर उभा. सह्याद्रीत सुळके चढणारी मुलं दोर बांधतात म्हणून कुणी त्यांना मऊ म्हणत नाही. दोर असतो म्हणूनच ती अवघड वाट धरतात. माझाही अनुभव तोच. दाराशी टॅली धरणारा माणूस आला त्यानंतर मी गॅलरीतला धूर वाढवला, वाटा आणखी बिकट केल्या, मधे अडथळे टाकले. आधी ते करण्याचं धाडस मला नव्हतं.

धुराचं निघालं म्हणून जाता जाता एक. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला. प्रशिक्षणार्थी सहा महिन्यांनी केंद्रातून निघून जातो. प्रशिक्षक वर्षानुवर्षं तिथेच असतो. धूर काळा दिसावा म्हणून जुने टायर जाळणं ताबडतोब बंद व्हायला हवं. यावर चर्चेची गरज मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. जागा रिकाम्या आहेत, वर्दीला माणसं पुरत नाहीत, ड्रिलला राखणदार कुठून आणायचा? अडचण खरी आहे. पण दलात निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले प्रमुख अग्निशामक असतात, गुडघे गेलेले असतात म्हणून त्यांना नियंत्रण कक्षात बसवतात. शिडी कधी सरकणार, पोरगं कधी घाबरणार, हे त्यांना वीस फुटांवरून कळतं. या कामासाठी त्यांच्याइतकी योग्य माणसं नाहीत, आणि त्यांचा मानही राहील.

सोसायट्या, शाळा, कार्यालयं, मॉल इथल्या मॉक ड्रिलबद्दल मात्र शासनानंच काहीतरी केलं पाहिजे. आपला २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम इमारतीच्या मालकाला बांधून घालतो. आतली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र त्याला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. नळाची चावी तपासायला परवाना लागतो, तर माणसांना गच्चीवरून दोरानं उतरवणाऱ्याकडेही तो मागितला पाहिजे. तोवर सोसायटीच्या सचिवांनी आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी एवढं तरी पाळावं: उंचीवरून जिवंत माणूस खाली सोडायचा नाही, उडी मारायला लावायची नाही. जंपिंग शीट, म्हणजे उडी झेलायला खाली ताणून धरतात ते कापड, दाखवायचीच असेल तर वाळूचं पोतं टाका. साठ किलोचं पोतं खाली येताना जो आवाज होतो, तो ऐकल्यावर माणसं आपोआप जिन्याचं महत्त्व शिकतात. आणि कुणी ‘नको’ म्हटलं की विषय तिथेच संपला पाहिजे. कारण विचारायचं नाही, टाळ्या वाजवून हुरूप आणायचा नाही.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तोच खरा अवघड आहे. हुद्द्याचा. गणवेशाच्या नोकरीत खालचा माणूस वरच्याला थांबवणार कसा? शिस्त मोडणार नाही का? मी त्यांना कोकण रेल्वेचा ट्रॅकमन दाखवतो. पावसाळ्यात रात्री कंदील आणि लाल झेंडी घेऊन तो रुळांवरून चालत गस्त घालतो. दरड आलेली दिसली की त्यानं लाल दाखवायचं आणि राजधानी असली तरी चालकानं ब्रेक लावायचा. आत मंत्री बसले असतील, रेल्वेचे महाव्यवस्थापक असतील. तुझा हुद्दा काय, असं त्याला कुणी विचारत नाही. रेल्वेची शिस्त त्यानं मोडत नाही, उलट त्याच्यावर ती उभी आहे.

माझ्या शेवटच्या वर्षी मी आमच्या केंद्रात हे स्वतःपुरतं करून पाहिलं. एका प्रमुख अग्निशामकाला, त्यांना सगळे मामा म्हणत, नारिंगी जाकीट घातलं आणि सगळ्या तुकडीसमोर सांगितलं की हे ‘थांबा’ म्हणाले की मीसुद्धा थांबणार. पंधरा दिवस काही झालं नाही. मग हुक लॅडरचं, म्हणजे खिडकीच्या कडेला आकडा अडकवून चढायच्या शिडीचं, ड्रिल होतं, एक पोरगा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली शिडीवर, मी खालून सूचना देतोय, आणि मागून आवाज आला, “थांबा!” मला राग आला. तुकडीसमोर आला, म्हणून जास्त आला. पोराला खिडकीतून आत घेतलं. मामा वर गेले, शिडीचा आकडा जिथे बसला होता तिथली कड हातोडीनं ठोकून पाहिली. त्यांना खालून गिलाव्यात तडा दिसला होता. तडा नुसता रंगाचा निघाला, आतलं काँक्रीट पक्कं होतं. ते खाली आले आणि म्हणाले, “साहेब, काही नव्हतं.”

मी तुकडीला जवळ बोलावलं आणि मामांनी बरोबर केलं असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग डायरी मागवली आणि त्यांच्या देखत लिहिलं: सकाळी ९.२०, प्रमुख अग्निशामकांनी ड्रिल थांबवलं, तपासणी केली, दोष आढळला नाही. दहा मिनिटं गेली होती. पोरगा पुन्हा शिडीवर चढला.